पाणबुडीच्या खेळाची कॅसेट

शुक्रवारी दुपारी डबा खाताना अक्षताच्या हातातला घास तोंडापर्यंत गेलाच नाही.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात ती चौदा वर्षं नोकरीला होती. बी उगवलं नाही, पाकिटावर लिहिलं तसं पीक आलं नाही, अशा तक्रारींचे शेतकऱ्यांचे फोन तिच्याकडे यायचे. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. दुसऱ्यांदा फोन आला की समोरच्यानं नाव सांगायच्या आत, "बोला भाऊ, जांब समर्थहून ना?" असं ती विचारायची आणि तिकडचा माणूस रागावायचंच विसरायचा.

त्या दिवशी डब्याच्या वेळेला सोबतच्या प्रीतीनं गाणं ऐकव म्हणून चिन्मयीच्या मागे टुमणं लावलं होतं. चिन्मयी ऑफिसात नवी, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं ती कॉम्प्युटरवर करायची. घरी लॅपटॉपवर गाणी जुळवायचा तिला नाद होता. तिचं नवं गाणं इंटरनेटवर हजारो लोकांनी ऐकलं, ही बातमी प्रीतीला कुठून तरी लागली होती.

"लावते, पण हसायचं न्हाई," चिन्मयी म्हणाली. "जुन्या व्हिडिओ गेमचं म्युझिक आहे. त्याला मी ट्रिप-हॉप केलंय. म्हणजे ठेका एकदम संथ, सगळं निवांत. नाचायचं न्हाई, नुसतं ऐकायचं."

तिनं मोबाइल टेबलावरच्या छोट्या स्पीकरला जोडला. आधी नुसती कॅसेटची खरखर आली. मग जेवण झाल्यावर अंगणात कुणी सावकाश येरझाऱ्या घालाव्यात तसा ठेका, आणि त्याच्याखाली टेबलाच्या पत्र्यातून हाताला जाणवणारा जाडसर घुमारा. त्या सगळ्यातून वर एक चाल तरंगत आली, टिणटिणती, खेळण्यातल्या पियानोसारखी.

अक्षता हसली. "अगं, हा तर पाणबुडीचा गेम! आमच्या घरी होता. टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कॅसेटीवाला."

"तोच, मॅडम! तुम्हाला बरोबर ओळखू आला."

आणि तेवढ्यात त्या चालीमागून एका बाईचा आवाज आला.

"कमी कर गं जरा…"

ठेका चालूच होता. चाल एक वळसा घेऊन पुन्हा सुरू झाली, आणि पुन्हा तोच आवाज. "कमी कर गं… जरा… कमी कर गं."

घास अक्षताच्या हातात तसाच राहिला. आवाज जड केलेला होता, रबर ताणल्यासारखा. पण तो 'गं' म्हणताना थोडा वर जाऊन मग खाली टेकत होता, आणि 'जरा'तला 'रा' अर्ध्यावरच सुटत होता. तसं बोलणारी एकच बाई तिनं उभ्या आयुष्यात ऐकली होती. ती बाई मार्च अठ्ठ्याण्णवमध्ये वारली, तेव्हा अक्षता दहा वर्षांची होती.

ती उठली, बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. हात धुवायचं तिला सुचलं नाही. पाणी नुसतं वाहत होतं. मायचे दोन फोटो घरात होते, एक लग्नातला आणि एक अंगणवाडीच्या मेळाव्यातला. आवाज कुठेच नव्हता. विशीत असताना एकदा तो आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला होता. नाही आला. तेव्हा ती खूप रडली आणि मग तो नाद तिनं सोडून दिला. आणि आता तो आवाज ऑफिसच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, चार बायकांसमोर गात होता.

"मॅडम? काय झालं?" चिन्मयी मागे येऊन उभी राहिली.

"तो आवाज कुणाचा गं?"

"माहीत न्हाई. एका जुन्या कॅसेटवर होता. कुणाची तरी आई ओरडून राह्यली असं वाटलं. छान वाटला म्हणून ठेवला."

"कॅसेट कुठली?"

"आमच्या भुजंगमामाच्या दुकानातली. ते टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतात. भंगारातून आलेल्या कॅसेटींचं पोतं पडलं होतं त्यांच्याकडं. वडीगोद्रीला, हायवेवर."

अक्षताचं माहेर वडीगोद्री. चार वर्षांपूर्वी आबांनी घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला, तेव्हा पोटमाळ्यावरचं सगळं सामान भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला होता.

"ती माझी माय आहे," ती म्हणाली. तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

* * *

ऑफिस सुटल्यावर ती चिन्मयीच्या घरी गेली. चिन्मयीच्या आईनं पुढं केलेला चहा तिनं घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. चिन्मयीनं खणातून कॅसेट काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

आता शंकेला जागाच उरली नाही. जुन्या कॅसेटीवर दुसरं काही भरायचं असेल तर वरची दोन चौकोनी भोकं बुजवावी लागत. ती भोकं वहीच्या कागदाचे बोळे कोंबून बुजवली होती. लेबलावर आबांच्या वळणदार अक्षरात 'धम्मचक्र प्रवर्तन दिन, भाषणे' असं होतं, ते पेन्सिलीनं खोडून खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं 'पाणबूडी'. 'बू' दीर्घ. तिचंच अक्षर.

दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ राजानंद, तेव्हा चौदा वर्षांचा होता. गेमचा रिमोट तो कधी तिच्या हातात द्यायचा नाही. पाळी मागून मागून ती कंटाळली. मग तिनं ठरवलं, खेळायला नाही तर नाही, पाणबुडी समुद्राच्या तळाशी जाते तेव्हा जी चाल वाजते ती तरी आपल्याजवळ ठेवायची. आबांचा टेपरेकॉर्डर टीव्हीच्या तोंडाशी ठेवून तिनं ती चाल भरली होती. भाषणं पुसली गेली म्हणून आबांनी रागानं ती कॅसेट पोटमाळ्यावर टाकली होती आणि तिला ती पुन्हा ऐकायला मिळालीच नव्हती, तेही तिला आठवलं.

"पूर्ण लाव," ती म्हणाली.

चिन्मयी थांबली. "मॅडम, मी गाण्यात पहिलं अर्धं मिनिटच वापरलंय. पुढं… पुढं मागून बोलण्याचा आवाज येतो. मी एकदा ऐकला. कुणाचं तरी घरचं बोलणं आहे, आपण ऐकू नये, असं वाटलं म्हणून मी तो भाग सोडून दिला. तेव्हा मला काय माहीत…" तिनं हेडफोन काढून अक्षताच्या हातात दिला. "तुम्ही एकट्यानं ऐका. मी बाहेर बसते."

खरखर. मग पाणबुडीची चाल, अजून संथ न केलेली, मूळची उड्या मारणारी. रिमोटची बटणं कटकट वाजत होती. आणि मग अगदी जवळून, धारदार, घाईतला, खराखुरा आवाज आला.

"अक्षे, आवाज कमी कर गं जरा. तुझ्या आबाशी बोलायचंय मला."

स्वतःचं नाव त्या आवाजात ऐकलं आणि अक्षतानं टेबलाची कड घट्ट धरली.

टीव्हीचा आवाज उतरला. तो तिनंच उतरवला असणार. चाल दूर गेली, आणि ती दूर गेल्यामुळेच पलीकडच्या खोलीतलं बोलणं टेपवर उमटलं. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. मग माय.

"डाक्टर काय म्हणले ते पोरांला सांगायचं न्हाई."

"अगं मालन, असं कसं? आज न्हाई उद्या दिसंलच त्यांना." हे आबा. तेव्हाचे आबा.

"दिसू द्या. ॲसिडिटी म्हणायचं. अक्षीची स्कॉलरशिप फेब्रुवारीत. राजाचं नववीचं वरीस. त्यांची दोघांची परीक्षा होऊस्तोवर कुणापाशी एक शब्द काढायचा न्हाई. माझ्या भावांपाशीसुदिक न्हाई."

"चार महिने म्हणले ते."

"त्यांनी चार म्हणले. मी पाच काढते. आन् औषधापुरती येईन, पण मला दवाखान्यात ठेवायचं न्हाई. शेवटाला काही झालं तरी न्हाई. गाठ पार काळजापोत्तर गेलीय म्हणले ना? मंग त्या खाटेवर नळ्या लावून घ्यायला कशाला जाऊ? मी माझ्या घरात मरंन. आण घ्या माझ्या गळ्याची."

आबांच्या खाकरण्याचा आवाज.

"घ्या म्हणते ना."

बराच वेळ नुसती चाल वाजत राहिली. मग आबांचा घोगरा आवाज आला. "घेतली."

त्यानंतर अक्षताच्या लक्षात आलं, रिमोटची बटणं वाजायची थांबली होती. कधीपासून थांबली होती कोण जाणे. तिनं तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. 'चार महिने म्हणले ते' या शब्दांपाशी कटकट बंद पडली होती. पाणबुडी कुणी चालवतच नव्हतं. पुढं काही वेळानं ती कशावर तरी आदळल्याचा धडाम आवाज आला, आणि खेळ संपल्याची छोटी रडकी धून वाजली. त्यावर एक चिमुरडा आवाज आनंदानं किंचाळला.

"मेलास! दादा, मेलास की रे! आता माझी पाळी!"

तो आवाज तिचा होता.

दादाचं उत्तर आलं ते इतकं हळू, की तिला हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरावा लागला.

"घे. तूच खेळ आता."

त्या दिवसानंतर दादानं रिमोट कधी हातात धरलाच नाही. त्याला गेमचा कंटाळा आला असेल, असंच ती आजवर समजत होती.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आबाकडं जाऊन येते." तो चकित झाला. अक्षता वडीगोद्रीला जायची ती वर्षातून दोनदा, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दर महिन्याच्या एक तारखेला फोन करायची. तब्येत बरी आहे का, गोळ्या आहेत का, ठेवते. सत्तावीस वर्षांत बाप-लेकीचं बोलणं यापलीकडे गेलं नव्हतं.

त्याला कारणही तसंच होतं. स्कॉलरशिपची परीक्षा झाल्यावर तीन आठवड्यांनी मायला ताप भरला. तीन दिवस ती पलंगावर पडून होती आणि आबा तिच्या उशाशी नुसते बसून होते. शेजारचे जीप घेऊन दारात आले. अंबडला नेऊ, जालन्याला नेऊ, म्हणाले. आबांनी मान हलवली. चौथ्या दिवशी माय गेली. तिला पोचवून माणसं परत आली तेव्हा अंगणात सगळ्या नातेवाइकांसमोर दहा वर्षांची अक्षता ओरडली होती, "आबांनीच मारलं मायला! दवाखान्यात न्हाई नेलं!"

आबांनी मान वर केली नाही. हसनाबादचे दोन्ही मामा त्या दिवशी चप्पल घालून निघून गेले ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. प्राथमिक शाळेत मास्तर असलेला, शिकलेला माणूस, आणि बायकोला दवाखाना दाखवला नाही, असं पंचक्रोशीत झालं. कुणी तोंडावर बोललं, कुणी पाठीमागं. आबा, म्हणजे अप्पाराव मास्तर, निवृत्त झाले तरी ते बोलणं संपलं नाही.

अंबडच्या पुढं एस.टी. वळणाला लागली तेव्हा अक्षता खिडकीशी तोंड नेऊन बसली. तीन दिवस उशाशी बसलेले आबा. आपण त्यांच्याकडे काय नजरेनं पाहत होतो, ते आठवून तिला स्वतःचीच भीती वाटली.

आबा ओट्यावर पेपर वाचत होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिला फाटकात पाहून ते गडबडीनं उठले.

"अक्षे? काय झालं? तुझी पोरगी बरी हाय ना?"

"सगळे बरे आहेत. आत चला."

तिनं फोन टेबलावर ठेवला. चिन्मयीनं टेप फोनमध्ये भरून दिली होती; काही न सांगता तिनं ती लावली.

'अक्षे, आवाज कमी कर गं जरा' हे शब्द निघताच अप्पाराव वळले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. दारात कुणी नव्हतं. तरी ते बघतच राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, हात अर्धवट वर उचललेला, तोंड उघडं.

"बंद कर," ते म्हणाले. तिनं हात पुढं केला तसे लगेच म्हणाले, "न्हाई, न्हाई. ऱ्हाऊ दे. चालू दे."

ते उभ्यानंच ऐकत राहिले. स्वतःचं 'घेतली' ऐकलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. अक्षताला वाटलं, झालं, आता ते काही तरी बोलतील. पण टेप पुढं गेली. पाणबुडी आदळली. छोटी अक्षता ओरडली. मग राजानंदचा आवाज आला.

आबांनी झटकन डोळे उघडले. "हे काय म्हणला तो?"

"घे, तूच खेळ आता."

"राजा तिथं व्हता? त्यानं… त्यानं ऐकलं व्हतं सगळं?" त्यांनी खुर्चीसाठी मागं हात चाचपला, खुर्ची सापडली नाही आणि ते तसेच खाली फरशीवर बसले. "अरे देवा. चौदा वर्साचं पोरगं. चार महिने माझ्यासमोर जेवायला बसत व्हतं. मला वाटलं, हे वझं मी एकटाच घेऊन फिरून राह्यलो."

अक्षता त्यांच्यासमोर फरशीवर बसली. इतक्या जवळ ती कित्येक वर्षांत बसली नव्हती.

"आबा, परीक्षेपर्यंत न्हाई सांगितलं, ते कळलं. पण मंग? नंतर का न्हाई? मी भर अंगणात तुम्हाला मारेकरी म्हणाले. मामा उठून गेले. तेव्हा तरी सांगायचं."

"तिनं आण घातल्ती."

"ती गेल्यावर कसली आण?"

अप्पाराव बराच वेळ फरशीवरून बोट फिरवत राहिले.

"सांगणार व्हतो," ते म्हणाले. "त्याच रात्री सांगणार व्हतो. तू भिंतीकडं तोंड करून निजल्ती. मी बसलो तुझ्यापाशी. मंग मनात आलं, सांगितलं तर काय व्हईल? मायला चार महिन्यांपासून माहीत व्हतं आन् ती आपल्याशी खोटं बोलली, असं तुला वाटंल. तुझा राग माझ्यावर व्हता, ते ठीक व्हतं. मी जिता व्हतो, मला सोसता आला असता. सांगितलं असतं तर तो तिच्यावर गेला असता. मेलेल्या माणसावरचा राग कुठं नेऊन टाकायचा पोरीनं? म्हून म्हणलं, ऱ्हाऊ दे माझ्यावरच."

"सत्तावीस वर्षं?"

"मंग सवय झाली."

अक्षताला वाटलं होतं आता आपण त्यांच्या गळ्यात पडून रडू. तसं झालं नाही. तिच्या आतून वर आला तो संताप, आणि तो आबा म्हणाले तसाच, बरोबर त्याच माणसावर.

"तिनं मला सोडून जाताना धड निरोपसुद्धा घेऊ दिला न्हाई!" ती ओरडली. "मी स्कॉलरशिपची गणितं सोडवत बसले, आबा! शेजारी ती मरत होती आणि मी नावा नि प्रवाहाची गणितं सोडवत होते! कुणी मागितली होती ती परीक्षा? मला एक दिवस तिच्यापाशी बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आबांनी तिला गप्प केलं नाही. माय बरोबर होती असंही म्हणाले नाहीत. ती ओरडून ओरडून दमेपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मीबी हेच म्हणलो व्हतो तिला. भांडलो. एकदा न्हाई, तीनदा. तिनं ऐकलं न्हाई."

* * *

राजानंद नाशिकला असतो. अक्षतानं तिथूनच त्याला फोन लावला. तिनं सगळं सांगितलं.

"दादा, ऐकून राह्यलास ना?"

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो. आबा नि माय औरंगाबादला जायचे दवाखान्यात, तेव्हा आपल्याला सांगायचे, हसनाबादला मामाकडं चाललो. मी मुकाट्यानं हो म्हणायचो. तू मामाकडनं पेरू आणा म्हणून मागं लागायचीस. ते येताना औरंगाबादच्या बाजारातून पेरू घेऊन यायचे. मला ते पेरू गिळायचे न्हाईत, अक्षे."

"मला का न्हाई सांगितलंस? मी आबाला काय काय बोलत होते ते तू ऐकत होतास."

"मला वाटायचं, आबांना कळलं की मला माहीत आहे, तर ते मोडून पडतील. मोठा झालो, तेव्हा वाटलं, आता इतक्या वर्षांनी काय सांगायचं. तुझा राग मला दिसत होता. मी भ्यालो, असं धर." त्याचा आवाज चिरकला. "आबा तिथं आहेत का? फोन दे त्यांना."

तिनं फोन आबांच्या हातात दिला. "राज्या," एवढंच ते म्हणाले. पुढची कितीतरी मिनिटं आबा फोन कानाला लावून, मान खाली घालून बसून होते. मधूनच "हं" म्हणत होते, पण अक्षताला पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. ते कशाला हं म्हणतायत ते तिनं विचारलंही नाही.

दादावरचा तिचा राग मात्र तेवढ्यानं गेला नाही. नंतर तीन आठवडे ती त्याच्याशी बोलली नाही. मग तोच एका रविवारी बायकापोरांसह जालन्याला येऊन दारात उभा राहिला. तिनं त्याला आत घेतलं आणि भाकरी थापायला बसली. हसनाबादच्या मामांपैकी धाकटे तेवढे हयात होते. दोघं बहीणभाऊ त्यांना भेटून आले, टेप ऐकवली. मामा म्हातारे झाले होते. बहिणीचा आवाज ऐकून ते ओक्साबोक्शी रडले, आणि मग म्हणाले, दाजींना मी कोणत्या तोंडानं भेटू. ते अजून वडीगोद्रीला गेलेले नाहीत. जातो म्हणतात.

चिन्मयी मात्र कॅसेट ऐकवली त्या दिवसापासून धास्तावली होती. लगेचच्या सोमवारी ऑफिसात आल्या आल्या ती अक्षताच्या टेबलाशी आली. "मॅडम, मी ते गाणं काढून टाकते. बिलकुल काढते. मी न विचारता…"

"थांब," अक्षता म्हणाली. "मी ते आबांना ऐकवलंय."

"मंग?"

"पूर्ण ऐकलं त्यांनी. दोनदा. शेवटी म्हणाले, चाल छान आहे, पण मालन एवढी सावकाश बोलत नव्हती. जल्दी जल्दी बोलायची. पोरीला सांग, तिचा आवाज जरा पळव."

चिन्मयीला हसावं की रडावं कळेना. घरी जाऊन तिनं पुन्हा बसून ते गाणं केलं. ठेका तसाच निवांत ठेवला, आवाज मूळच्या गतीवर आणला. जाणकार म्हणाले, आधीचंच बरं होतं, आता आवाज आणि ठेका जुळत नाहीत. ते खरंही असेल. तिनं बदललं नाही.

अक्षताचे आणि आबांचे फोन आता एक तारखेचे राहिलेले नाहीत. आबा कधीही करतात, भर ऑफिसच्या वेळेतसुद्धा, आणि सत्तावीस वर्षं तोंडातून न काढलेल्या त्या चार महिन्यांमधलं काही तरी सांगतात. मायला कोणतं औषध कडू लागायचं. एस.टी.त तिला खिडकी कशी लागायची. सगळं त्यांना एकदम आठवत नाही, तुकड्या-तुकड्यानं येतं. अक्षता हातातलं काम टाकून ऐकते. काही तुकड्यांनी तिला धक्का बसतो, काहींनी राग येतो, आणि एखाद्या दिवशी ती जिन्यात जाऊन रडून येते.

परवा एका शेतकऱ्याची तक्रार लिहून घेताना त्यांचा फोन आला. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

"अक्षे, एक सांगायचं राह्यलं," आबा म्हणाले. "शेवटल्या वेळेला औरंगाबादला गेल्तो ना, तव्हा दवाखान्यातून निघाल्यावर ती म्हणली, मला पाणचक्की बघायचीय. इतक्या खेपा झाल्या, एकदाबी गाव बघितलं न्हाई. मंग गेलो. तिथं पाण्यापाशी बसलो तासभर. मासे बघितले. आन् तिथं तिनं मला नावानं हाक मारली. सोळा वर्साच्या संसारात पहिल्यांदा. 'अप्पाराव,' म्हणली. लोकं बघून राह्यले आमच्याकडं."

ते हसत होते. फोनवर आबांना हसताना तिनं आजवर ऐकलं नव्हतं. व्हरांड्यात ट्रकचा धुरळा उडत होता. तिनं दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मंग?" ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणालात?"